‘जेव्हा माणूस जागा होतो’ : गवताची मजुरी

गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० साली प्रसिद्ध झाले आणि १९७२ साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. तरीही आपल्या ख्रिस्ती घरांतील कपाटांत ते क्वचितच आढळते. लेखिका कम्युनिस्ट होत्या, हे त्याचे कारण असावे. आम्हांस ते कारण पुरेसे वाटत नाही.

राजारामपुरीत वाढलेल्या पिढीस ‘कूळ’ हा शब्द फार तर सातबाऱ्याच्या उताऱ्यावरून ठाऊक असतो. १९४८च्या कुळकायद्यापूर्वी डहाणू-उंबरगाव भागात त्या शब्दामागे केवढे जिणे दडले होते, ते येथे वाचावे. वारल्यांच्या जमिनी सावकार-जमीनदारांच्या हाती गेल्या आणि त्याच मातीत ते खंड भरणारी कुळे होऊन राहिले. खंड भरूनही सुटका नव्हती. बोलावणे येताच स्वतःचे शेत टाकून वेठीला जावे लागे. लग्नासाठी थोडके कर्ज काढणारा तर बायकोसह ‘लग्नगडी’ होऊन धन्याकडे राबत राही.

२३ मे १९४५ रोजी झरीच्या परिषदेत वारल्यांनी वेठ नाकारली. त्या पावसाळ्यानंतर प्रश्न आला गवतकापणीचा. ५०० पौंड गवतामागे अडीच रुपये, एवढीच मागणी! १० ऑक्टोबरला तलवाड्यास जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे प्राणास मुकले.

शेते कापणाऱ्यांची अडकवलेली मजुरी देवाच्या कानी ओरडते, असे संत याकोबाच्या पत्रात आहे. पोप लिओ तेरावे यांनी १८९१च्या परिपत्रकात हाच धागा उचलला. मग आपल्याच किनारपट्टीवरील कापणाऱ्यांची ही कथा परकी कशी?

पुस्तकाचे शीर्षक मात्र आम्हांस खटकते. वारली झोपेत नव्हते. आपणांवर अन्याय होतो हे त्यांस पुरते कळत होते. जानेवारी १९४५ मध्ये काही वारली टिटवाळ्याच्या किसान परिषदेस गेले, ते न कळता नव्हे. त्यांस जखडले होते भयाने. ते भय कसकसे उतरले, हे लेखिकेने फार बारकाईने टिपले आहे, आणि तीच पाने शीर्षकाहून अधिक खरी आहेत. जमीनदाराच्या मनात मात्र त्या शिरत नाहीत. देवाधर्माचे नाव घेणारा मनुष्य दुसऱ्यास वेठीस धरून रात्री निजतो कसा, हे कोणा मराठी लेखकाने लिहावयास हवे होते.