'पारंपरिक' कापडाचं वय विचारा

'सांस्कृतिकदृष्ट्या संवेदनशील आर्ट थेरपी' हा शब्दप्रयोग तुम्हाला शोधनिबंधांत वारंवार भेटेल. स्थलांतरितांच्या, निर्वासितांच्या मनावरचा ताण हलका करायचा तर त्यांच्याच संस्कृतीतली कला वापरा, एवढाच त्याचा अर्थ. ऐकायला पटतं. पण 'त्यांच्याच संस्कृतीतली' म्हणजे नक्की कुठली, आणि हे ठरवतं कोण? या लेखनाशी माझं भांडण आहे ते इथे. एकच उदाहरण घेऊ: हमोंग लोकांची कथावस्त्रं.

हे हमोंग लाओसच्या डोंगराळ भागात राहणारे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात सीआयएने त्यांच्यातल्या अनेकांना गुप्त लढाईत उतरवलं. १९७५ मध्ये लाओसमध्ये साम्यवादी सत्तेवर आले आणि हजारो हमोंग मेकाँग नदी ओलांडून थायलंडमध्ये गेले. तिथल्या बान विनाईसारख्या छावण्यांत ही कापडं शिवली गेली. त्यांवर गाव, शेती, विमानं, सैनिक, नदी पार करणारी माणसं, छावणी असं सगळं भरतकामात एकामागून एक येतं. पुढे हे लोक अमेरिकेत मिनेसोटा, कॅलिफोर्निया, विस्कॉन्सिनमध्ये वसले आणि कापडंही तिकडे पोचली.

आता हे कापड पाहून कुणीही सहज लिहील, 'हमोंग स्त्रिया शतकानुशतकं आपलं दुःख सुईने मांडत आल्या आहेत.' थांबा. हमोंग भरतकाम जुनं आहे, त्याला 'पा न्दाऊ' म्हणजे फुलांचं कापड म्हणतात. पण ते भौमितिक नक्ष्यांचं: गोगलगायीच्या शंखासारखी वळणं, चौकोन, त्रिकोण. ते असायचं पोशाखावर, बाळाला पाठीशी बांधायच्या झोळीवर. त्यात माणसं नव्हती, गोष्ट नव्हती. गोष्ट सांगणारं कापड छावणीत, १९७० च्या दशकात जन्माला आलं. मदतसंस्थांनी विक्रीला प्रोत्साहन दिलं. हाताला दुसरं काम नव्हतं, पैशांची गरज होती. बऱ्याचदा चित्र पुरुष काढून देत आणि भरायच्या बायका. काही कापडांवर चक्क इंग्रजी वाक्यं भरलेली असतात. ती कुणासाठी? शिवणाऱ्या बाईच्या आजीसाठी तर नक्कीच नाहीत!

याचा अर्थ कथावस्त्र खोटं किंवा बाजारू, असा मुळीच नाही. उलट मला तर तेच जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण संस्कृती वाटेत, अडचणीत, गिऱ्हाइकासमोरही घडते हे त्यातून दिसतं. पण मग पुरावा म्हणून ते वाचताना सावध राहायला हवं. कितीतरी कापडांवर युद्ध नसतंच, फक्त शेतं, कोंबड्या, सणवार, लोककथा. त्याला 'मायभूमीची ओढ' म्हणायचं, 'आघात टाळणं' म्हणायचं, की 'हे लवकर विकलं जातं' म्हणायचं? नुसतं कापड पाहून हे कळत नाही. शिवणारीला विचारावं लागतं.

आणि विचारायचं कोणत्या शब्दांत? हमोंग भाषेत भावनांचं घर 'शिआ', म्हणजे यकृत. मन खचलं की यकृत 'अवघड' होतं. आपल्याला हे परकं वाटू नये. 'काळीज तुटलं' म्हणतो आपण, आणि मटणाच्या दुकानात काळीज मागितलं की यकृतच मिळतं. आता अशा बाईसमोर नैराश्याची भाषांतरित प्रश्नावली ठेवा. आकडे येतील, आलेख छान निघेल. पण आर्थर क्लाइनमन यांनी १९७७ मध्येच बजावलं होतं की एका समाजात घडलेलं रोगाचं वर्गीकरण दुसऱ्यावर जसंच्या तसं लादणं ही 'कोटीची चूक' आहे. थेरपीत कापड हमोंग आणि मोजपट्टी अमेरिकन, तर संवेदनशीलता फक्त सामानात उरली.

हे तुम्हाला का सांगतेय? कारण असा प्रस्ताव आपल्याकडेही सहज लिहिला जाईल: बीडहून आलेल्या ऊसतोड कामगारांसाठी 'वारली चित्रकलेद्वारे भावनिक स्वास्थ्य'. वारली कला पालघर-ठाण्याकडच्या आदिवासींची, बीडच्या मजुरांशी तिचा काय संबंध? 'महाराष्ट्राची लोककला' या एका शिक्क्याखाली दोन्ही खपतात, बास. बरं, खुद्द वारली चित्रंही लग्नघराच्या भिंतीवरून कागदावर आली ती १९७० च्या दशकातच.

तुमच्या रचनेत आणखी एक गोष्ट बघा. आठ आठवडे बायका एकत्र बसल्या, शिवलं, बोलल्या, चहा प्यायल्या, वर थोडे पैसेही मिळाले. शेवटी ताण कमी झाला. नक्की कशाने? तुलनेला 'काहीच न मिळालेला' गट ठेवलात तर उत्तर मिळणारच नाही. एक गट नुसता गप्पांना बसवा, एक शिवायला, आणि एक शिवून विकायला. तिसऱ्या गटाला सगळ्यात बरं वाटलं, तर त्याला थेरपी म्हणायचं की मजुरी, हे तुमच्या मार्गदर्शकांना आधीच विचारून ठेवा.