शून्य अभ्यासांचा रिव्ह्यू कसा वाचायचा? रांजणवाडीचं उदाहरण

पापणीवर रांजणवाडी आली की घरात सल्ले तयारच असतात. तळहातावर बोट घासून गरम करून लावा, गरम पाण्याच्या फडक्याने शेका, मेडिकलमधून मलम आणा. यातल्या कशाला पुरावा आहे हे बघायला मी कॉक्रेनचा रिव्ह्यू उघडला. लिंडस्ले, निकोल्स आणि डिकरसिन यांचा हा रिव्ह्यू २०१० मध्ये आला, २०१३ आणि २०१७ मध्ये अद्ययावत झाला. तिन्ही वेळा निकषांत बसलेल्या चाचण्या: शून्य.

मी नोट्समध्ये लिहून मोकळा झालो, 'शेकण्याचा उपयोग होत नाही.' गाइडनी त्या ओळीखाली रेघ मारून विचारलं, "हे पेपरमध्ये कुठे आहे?" कुठेच नव्हतं. पुरावा सापडला नाही आणि उपयोग नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ही ओळ तशीच थिसिसमध्ये गेली असती, तर व्हायव्हात माझी काही खैर नव्हती.

रिव्ह्यूची जमेची बाजू

काहीच सापडलं नाही, हे लेखकांनी सरळ छापलं. ओढूनताणून निष्कर्ष काढला नाही. या आजारावरचं जे थोडं लेखन मिळालं, ते उपचारांच्या शिफारशी, केस रिपोर्ट किंवा निरीक्षणात्मक अभ्यास या स्वरूपाचं, तेही वीसहून अधिक वर्षांपूर्वीचं, हेही नोंदवलं.

मग अडचण कुठे आहे?

प्रश्नाच्या आखणीत. रांजणवाडी दोन प्रकारची असते. पापणीच्या केसाच्या मुळाशी होते ती बाहेरची, आणि पापणीतल्या मायबोमियन ग्रंथीत होते ती आतली. दोन्हींत जंतू बहुतेकदा स्टॅफिलोकोकसच. या रिव्ह्यूने फक्त आतली आणि तीही ताजी रांजणवाडी घेतली. बाहेरची वगळली, जुनी गाठ म्हणजे कॅलॅझिऑनही वगळली. तुलनाही फक्त प्लासिबो किंवा नुसत्या निरीक्षणाशी. जाळं इतकं बारीक विणल्यावर हाती शून्य आलं, यात नवल नाही. प्रत्यक्षात सुजलेल्या पापणीत आतली-बाहेरची हा फरक सुरुवातीला नेहमीच स्पष्ट दिसत नाही. म्हणून वगळलेल्या अभ्यासांवर, ते निष्कर्षात न धरता का होईना, सविस्तर चर्चा हवी होती असं मला वाटतं.

चाचण्या का झाल्या नसाव्यात?

हा माझा अंदाज आहे. रांजणवाडी साधारण एक-दोन आठवड्यांत आपोआप बसते. म्हणजे चौथ्या दिवशी काहीही लावलं तरी ते 'लागू पडलं' असंच वाटणार. फरक दाखवायचा तर तुलनेचा गट लागतो, आणि परिणाम छोटा असेल तर रुग्णही भरपूर लागतात. गरम फडक्याचं पेटंट कोणाकडे नाही, मग एवढा खर्च कोण करणार? याउलट डेमोडेक्स नावाच्या सूक्ष्म किड्यामुळे होणारा ब्लेफरायटिस बघा. त्यावरचे लोटिलॅनर थेंब मोठ्या नियंत्रित चाचण्यांमधून गेले आणि २०२३ मध्ये त्यांना अमेरिकेत मान्यता मिळाली. तिथे विकायला औषध होतं.

तोपर्यंत रुग्णाने काय करायचं?

डॉक्टर शेकायलाच सांगतात, कारण धोका कमी आणि खर्च जवळपास नाही. स्वच्छ फडकं, सोसवेल इतकं गरम पाणी, दहाएक मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. गाठ पिळायची नाही. सूज पूर्ण पापणीभर पसरली, ताप आला किंवा धूसर दिसायला लागलं, तर लगेच डॉक्टरांकडे. त्याच जागी पुन्हा पुन्हा गाठ येत असेल, विशेषतः उतारवयात, तर तपासणी टाळू नका. क्वचित ती तैलग्रंथीचा कॅन्सर असू शकते.

पुढचा रिव्ह्यू हातात घ्याल तेव्हा निष्कर्षाआधी दोन गोष्टी वाचा: कोणते रुग्ण घेतले आणि कशाशी तुलना केली. शून्य दिसलं तर आधी विचारा, हे शून्य विषयाचं आहे की जाळ्याचं?