घरातला पुरुष आणि अहवालातले घर

मराठी वाचकाची अमेरिकेतील कृष्णवर्णीयांशी ओळख जुनी आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ तिकडच्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केला. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. पुढे जनार्दन वाघमारे यांच्या अभ्यासामुळे दलित साहित्याच्या चर्चेला तुलनेचा आधार मिळाला. या ओळखीत कविता होती, विद्रोह होता, रस्ता होता. घर मात्र फारसे नव्हते. कृष्णवर्णीय माणसाची आई, तिची चूल, महिन्याचे भाडे, दारावर येणारा सरकारी माणूस या गोष्टी आमच्या समीक्षेने ओझरत्या पाहिल्या. आणि तिकडे तर गेली साठ वर्षे एक मोठा वाद याच घराच्या उंबरठ्यावर चाललेला आहे.

या वादाचे मूळ एका सरकारी अहवालात आहे. मार्च १९६५ मध्ये अमेरिकेच्या कामगार खात्यातील अधिकारी डॅनियल पॅट्रिक मॉयनिहान यांनी निग्रो कुटुंबावर एक अहवाल तयार केला. (निग्रो हा त्या काळचा शब्द, शीर्षकातही तोच आहे.) अहवाल खात्याअंतर्गत वापरासाठी होता, तो वर्षाच्या मध्यावर बाहेर फुटला आणि ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात दंगल उसळल्यावर वर्तमानपत्रांनी त्यालाच दंगलीचा खुलासा मानले. सुमारे चौथा हिस्सा कृष्णवर्णीय कुटुंबांची प्रमुख स्त्री आहे, सुमारे चौथा हिस्सा मुले विवाहबाह्य जन्मतात, हे आकडे सर्वांच्या तोंडी झाले. एका प्रकरणाच्या शीर्षकात विकृतीच्या गुंत्याचा उल्लेख होता. तो शब्द त्या घराला कायमचा चिकटला.

मॉयनिहान यांना खलनायक करणे सोपे आहे. आम्हाला ते मान्य नाही. लहानपणी त्यांचे स्वतःचे वडील घर सोडून गेले होते. गुलामगिरीने आणि बेकारीने कुटुंब मोडले हे त्यांनी लिहिले होते, पुरुषांना रोजगार द्या हा त्यांच्या मांडणीचा रोख होता. निक्सन यांच्या काळात कुटुंबाला किमान उत्पन्नाची हमी देणारी योजना त्यांनीच आखली. ती सिनेटमध्ये बारगळली. पण हेतू चांगला असला तरी मजकूर मजकुराच्या वाटेने जातो. अहवालाचे वाचन आम्ही एखाद्या कादंबरीसारखे केले तर प्रश्न पडतो की या कथेतून कोणते पात्र गाळले आहे? दुबळा बाप आहे, बलाढ्य आई आहे, वाया गेलेला मुलगा आहे. गाळलेले पात्र म्हणजे घराची झडती घेणारे सरकार.

१९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने निराधार मुलांसाठी आर्थिक मदत सुरू केली. त्याच कायद्यातील वृद्धापकाळच्या विम्यातून शेतमजूर आणि घरकाम करणारे वगळले गेले. दक्षिणेतील कृष्णवर्णीय याच दोन कामांवर जगत होते. मुलांची मदत राज्यांच्या हाती राहिली आणि राज्यांनी 'लायक घर' ही अट लावली. १९६० साली लुइझियाना राज्याने अनौरस मुलांच्या आयांची घरे नालायक ठरवून सुमारे २३,००० मुलांची नावे एका फटक्यात यादीतून काढली. त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होती. दुसरी अट 'घरातल्या पुरुषाची'. बाईच्या घरी धडधाकट पुरुष आढळला की तो मुलांचा पोशिंदा मानायचा आणि मदत बंद करायची. पुरुष शोधायला तपासनीस रात्री-अपरात्री येत. जानेवारी १९६३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अलामेडा काउंटीत असे पहाटेचे छापे पडले. छाप्यात जायला नकार देणाऱ्या एका अंध कर्मचाऱ्याची नोकरी गेली. १९६७ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्याच्या बाजूने दिला.

अलाबामात १९६४ पासून नियम आणखी ताणला गेला. बाईचा कुणाशीही संबंध असला, तो घरात राहत असो वा नसो, तो 'बदली बाप' ठरे. सेल्मा गावच्या स्मिथबाई पहाटे साडेतीनपासून दुपारपर्यंत खाणावळीत राबत. आठवड्याला सोळा ते वीस डॉलर मिळत, पदरात चार मुले. शनिवार-रविवारी येणाऱ्या एका गृहस्थामुळे त्यांची मदत थांबली. त्या गृहस्थाला स्वतःची बायको आणि नऊ मुले होती. स्मिथबाईंच्या मुलांना पोसण्याची त्याच्यावर ना कायद्याने सक्ती होती ना खिशाने शक्ती. जून १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने नियम रद्द केला. निकालात नोंद आहे की अडीच वर्षांत अलाबामाच्या यादीतून सुमारे १६,००० मुले कमी झाली होती.

म्हणजे एका टेबलावर पुरुष घरात सापडला तर मुलांचे अन्न तोडण्याचा नियम, आणि दुसऱ्या टेबलावर घरात पुरुष नसल्याची खंत करणारा अहवाल. दोन्ही टेबले एकाच राज्ययंत्रणेची. सगळी कुटुंबे या नियमानेच मोडली असे आम्ही म्हणत नाही. कारखाने शहराबाहेर गेले, तुरुंग भरले, ही कारणेही मोठी आहेत. पण लोकांच्या मनात जी प्रतिमा उभी राहिली तिच्यातून नियम पुसला गेला, बाई तेवढी उरली.

हे पुसलेले पात्र पडद्यावर परत आणले ते १९७४ च्या 'क्लॉडीन' या चित्रपटाने. लेखक आणि दिग्दर्शक गोरे आहेत, हे आधीच सांगून टाकतो. हार्लेममधील सहा मुलांची आई क्लॉडीन चोरून मोलकरणीचे काम करते आणि कचरागाडीवरच्या रूपच्या प्रेमात पडते. सरकारी बाई येणार म्हटल्यावर घरात जी धांदल उडते तो प्रसंग विनोदी आहे. घरातल्या चार बऱ्या वस्तू भराभर लपवल्या जातात, मुले आपापल्या कामाला लागतात. कवायत त्यांना पाठ आहे. रूपने दिलेली भेटवस्तूही हिशेबात धरली जाते. लग्न केले तर काय बुडेल याचा ताळा दोघे मांडतात तेव्हा हसू ओसरते. अहवालाने ज्याला पुरुषाची बेजबाबदारी म्हटले असते, ते इथे बेरीज-वजाबाकी म्हणून दिसते. डायहान कॅरोल यांना या भूमिकेसाठी ऑस्करचे नामांकन मिळाले.

लोरेन हॅन्सबेरी यांचे 'अ रेझिन इन द सन' हे नाटक अहवालाच्या सहा वर्षे आधीचे, १९५९ चे. शिकागोच्या दक्षिण भागातील यंगर कुटुंबाला वडिलांच्या विम्याचे दहा हजार डॉलर मिळतात. आई लीना घरासाठी साडेतीन हजार भरते आणि उरलेले पैसे मुलाच्या, वॉल्टरच्या हाती देते. त्यातले तीन हजार बहिणीच्या शिक्षणाचे. तो सगळे बुडवतो. वरवर पाहता ही मॉयनिहान यांचीच गोष्ट वाटेल: खंबीर आई, भरकटलेला मुलगा. पण लीना अधिकार धरून बसत नाही. मुलगा आतून मोडतो आहे हे ओळखून ती स्वतःहून अधिकार सोडते. आणि घर विकत घेताच गोऱ्या वस्तीचा प्रतिनिधी दारात येतो, 'येऊ नका, पैसे घ्या' म्हणतो. हॅन्सबेरींना हे कल्पनेने रचावे लागले नव्हते. त्यांच्या वडिलांनी गोऱ्या वस्तीत घर घेतले, ते प्रकरण १९४० साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९३४ पासून गृहकर्जाला हमी देणारे सरकारी खाते कृष्णवर्णीय वस्त्यांना टाळत होते. गोऱ्या कुटुंबाच्या स्थैर्यामागे असलेले हे सरकारी कर्ज कुणी 'मदत' म्हणून मोजले नाही.

अभ्यासकांनीही उत्तरे दिली. हर्बर्ट गटमन यांनी १९७६ च्या ग्रंथात जुन्या नोंदी तपासून दाखवले की गुलामीत आणि नंतरही बहुतेक घरांत आई-बाप दोघे होते. कॅरोल स्टॅक यांनी १९७४ मध्ये एका गरीब वस्तीतील नातलगांची देवघेव टिपली. पण प्रतिमा ग्रंथांनी बदलत नाहीत. १९७६ च्या प्रचारात रोनाल्ड रेगन शिकागोतील एका लबाड बाईची गोष्ट सांगत फिरले आणि मदत घेणारी प्रत्येक बाई तिच्यासारखी दिसू लागली. मार्टिन गिलेन्स यांनी १९८८ ते १९९२ ची वृत्तसाप्ताहिके तपासली, तेव्हा गरिबांच्या छायाचित्रांत ६२ टक्के चेहरे कृष्णवर्णीय निघाले. प्रत्यक्ष गरिबांत त्यांचे प्रमाण २९ टक्के होते. २२ ऑगस्ट १९९६ रोजी क्लिंटन यांच्या सहीने जुनी मदतयोजना संपली, नव्या मदतीला आयुष्यभरात पाच वर्षांची मर्यादा आली. तेव्हा सिनेटमध्ये त्या कायद्याविरुद्ध कडाडून बोलणाऱ्यांत मॉयनिहानच होते!

आम्हाला अधिक जिव्हाळ्याचा वाटतो तो लेखकांचा पेच. अहवालानंतर बरीच वर्षे भल्या अभ्यासकांनी कुटुंब हा विषयच टाळला, ही तक्रार विल्यम ज्यूलियस विल्सन यांनी १९८७ साली नोंदवली. घरातले दुःख बोलावे तर ते विरोधकाच्या हाती पुरावा म्हणून जाते. अ‍ॅलिस वॉकर यांच्या 'द कलर पर्पल' (१९८२) वर हाच आरोप झाला की त्यांनी कृष्णवर्णीय पुरुषाची बदनामी केली. मुस्लिम मराठी लेखकाला हा आरोप ओळखीचा वाटेल. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्यासोबत सात स्त्रिया तलाकविरोधात मुंबईत मोर्चा घेऊन निघाल्या, तेव्हा घरची गोष्ट चव्हाट्यावर आणल्याचे शब्द त्यांनाही ऐकावे लागले. आणि दुसऱ्या बाजूला आमचे घर भाषणांतून रंगवणारे आहेतच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मुस्लिम स्त्रीमागे अपत्यांचे प्रमाण १९९२-९३ मध्ये ४.४१ होते, २०१९-२१ मध्ये ते २.३६ झाले. भाषणे तीच राहिली. २०१९ च्या कायद्याने तत्काळ तलाक देणाऱ्या पुरुषाला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. तो कैदेत असताना चूल कशावर पेटणार, हा प्रश्न विचारणाऱ्या बाईला सुधारणाविरोधी ठरवण्यात आले. तुलना इथेच थांबवतो. दोन्ही इतिहास वेगळे आहेत.

वॉकर यांनी पेच सोडवला नाही, त्या त्यातूनच लिहीत गेल्या. त्यांची सेली पत्रे लिहिते. आधी देवाला लिहिते, मग बहिणीला, नेटीला. मार, बलात्कार, हिसकावलेली मुले, सगळे त्या पत्रांत आहे, आणि शेवटी म्हाताऱ्या झालेल्या त्याच नवऱ्याशी ओसरीवर बसून केलेल्या गप्पाही आहेत. एकही पत्र सरकारी कचेरीच्या पत्त्यावर नाही.