बारा ठिकाणे आणि एक शहर

मोबाईलवरील ॲपच्या मदतीने शहर पायी फिरून पाहावे, ही कल्पना आता नवी नाही. सोलापुरातील अभियांत्रिकीच्या काही विद्यार्थ्यांनी आपल्या शहरासाठी असे एक ॲप तयार केले आणि परीक्षक म्हणून ते तपासण्याचे काम माझ्याकडे आले. भुईकोट किल्ला, सिद्धेश्वर मंदिर, इंद्रभुवन, चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांचा चौक अशी बारा ठिकाणे त्यात होती. ठिकाणाजवळ पोहोचले की कानाला लावलेल्या इअरफोनमधून माहिती ऐकू येई आणि नकाशावर पुढचा रस्ता दिसे. काम मेहनतीचे होते, माहितीही बरोबर होती. तरीही मे महिन्यात दोन दिवस ते घेऊन हिंडल्यावर माझे मत झाले, की या ॲपने बारा ठिकाणे दाखवली, सोलापूर दाखवले नाही. अशी साधने शाळांच्या परिसर-भेटींतही येणार आहेत. म्हणून त्यांची पारख कशी करावी, ते पाहू.

आधी सोपी चूक घेऊ. आपण कोठे आहोत हे मोबाईलला उपग्रहांकडून येणाऱ्या रेडिओलहरींवरून कळते. लहर निघाल्याची आणि पोहोचल्याची वेळ यांतील फरकावरून उपग्रहाचे अंतर काढले जाते. ही लहर सेकंदाच्या एक अब्जांश भागात सुमारे ३० सेंटिमीटर जाते. मोकळ्या आकाशाखाली मोबाईल साधारण ५ मीटरपर्यंत अचूक जागा सांगतो. जुन्या पेठेतील बोळात मात्र लहर भिंतींवर आपटून येते. तिचा प्रवास १५ मीटरने वाढला, तर त्या उपग्रहाचे अंतरही १५ मीटरने चुकते. विद्यार्थ्यांनी प्रत्येक ठिकाणाभोवती १० मीटर त्रिज्येचे वर्तुळ आखले होते. त्यामुळे मी देवळासमोर उभा असताना ॲप गप्प होते आणि पलीकडच्या बोळात शिरल्यावर बोलू लागले. मोजपट्टीतील त्रुटीचा विचार न करता वर्तुळ लहान केले, तर अचूकता वाढत नाही. प्रयोगवहीत आपण मुलांना हेच सांगत असतो.

दुसरी चूक उन्हाची. दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा रस्ता काढण्याची एक प्रसिद्ध रीत एड्सगर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने १९५९ मध्ये मांडली. तिच्यात रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याला एक संख्या दिलेली असते आणि बेरीज सर्वांत कमी होईल असा मार्ग शोधला जातो. ती संख्या मीटरचीच असली पाहिजे, असे गणित म्हणत नाही. ते आपण ठरवतो. सोलापूरचा अक्षांश सुमारे १७.७ अंश उत्तर आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात येथे शून्य सावलीचा दिवस येतो. त्या सुमारास पूर्व-पश्चिम रस्त्यावर सूर्य जवळजवळ रस्त्याच्या रेषेतच सरकतो, म्हणून दिवसभर सावली फारशी मिळत नाही. उत्तर-दक्षिण रस्त्यावर मात्र सकाळी पूर्वेकडील घरांची आणि दुपारनंतर पश्चिमेकडील घरांची सावली पडते. पारा ४० अंशांच्या वर असताना दोनशे मीटरचा वळसा घेऊन सावलीतून जाणारा माणूसच शहाणा. ॲपने मला सकाळी दहा वाजता भर उन्हाच्या रस्त्याने नेले. हिशेबात चूक नव्हती, पण मोजायला घेतलेली राशीच चुकीची होती.

तिसरी चूक मला सर्वांत गंभीर वाटते, ती क्रमाची. एका ठिकाणाहून निघून बाराही पाहून तेथेच परतायचे असेल आणि उलट-सुलट फेरी एकच धरली, तर १,९९,५८,४०० मार्ग होतात. त्यांतून सर्वांत कमी लांबीचा मार्ग विद्यार्थ्यांनी संगणकाकडून काढून घेतला होता. पण चौकातील चार पुतळ्यांसमोर उभे राहून काय कळावे? गांधीजींच्या अटकेनंतर मे १९३० मध्ये शहर पेटले आणि येथे लष्करी कायदा लागू झाला. पुढे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकृष्ण सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. एवढे ॲपने सांगितले. मात्र त्या आंदोलनात गिरणी कामगारही होते. गिरण्यांचा परिसर आधी पाहिला असता, तर हे चौकात आपोआप उमगले असते. ॲपमध्ये गिरण्या नव्हत्याच. कारण विचारले, तेव्हा विद्यार्थी म्हणाले, “सर, तिथे आता पाहण्यासारखे काही उरलेले नाही.” १८७० च्या दशकापासून ज्यांनी या शहराला घडवले, त्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या हे खरे. पण जे उरले नाही, ते का उरले नाही, हाच तर शहराला विचारायचा प्रश्न आहे.

जुन्या मिलच्या बाजूला मी स्वतःहून गेलो. चहाच्या टपरीवर एक वृद्ध कामगार भेटले. पाळीचा भोंगा वाजला की घरोघर घड्याळे कशी लावली जात, ते सांगत होते. माझ्या कानात ॲप पुन्हा पुन्हा मार्गावर परत या म्हणत होते. शेवटी मी इअरफोन काढून ठेवला. पूर्व भागात यंत्रमागांचा खडखडाट आणि मराठीत मिसळलेली तेलुगू, कन्नड, उर्दू कानावर पडली, ती त्यानंतरच.

सोलापूरकरांकडे पायी फिरण्याचा एक जुना आराखडा आहेच. बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांनी शहराच्या परिसरात ६८ लिंगे स्थापन केली, अशी परंपरा आहे. भोगीच्या दिवशी नंदीध्वजांची मिरवणूक त्या लिंगांना तैलाभिषेक करत फिरते. श्रद्धेचा भाग क्षणभर बाजूला ठेवला, तरी आराखडा म्हणून ती पाहण्यासारखी आहे. हा मार्ग सर्वांत जवळचा म्हणून निवडलेला नाही. तो चालणाऱ्याला गावाचा विस्तार पायांनी मोजायला लावतो, आणि पुढचे ठिकाण माणूस माणसाला सांगतो.

मी विद्यार्थ्यांना ॲप टाकून द्या असे म्हटले नाही. वर्तुळ मोठे करा, सावलीला भार द्या, गिरण्यांची जागा नकाशावर आणा आणि आवाज कमी करा, एवढे सुचवले. प्रत्येक ठिकाणी माहितीआधी एक प्रश्न ठेवा, ज्याचे उत्तर तेथील कोणाला तरी विचारल्याशिवाय मिळणार नाही, असेही सांगितले.

शिक्षकांना हे मोबाईलशिवायही करून पाहता येईल. शाळेपासून जवळच्या चौकापर्यंतचे सर्व रस्ते मुलांना कागदावर काढू द्या. प्रत्येक तुकड्याला एकदा मीटर, एकदा सावली नसलेली पावले आणि एकदा ओलांडावे लागणारे वाहते रस्ते अशा संख्या द्यायला सांगा. सर्वांत ‘जवळचा’ मार्ग तिन्ही वेळा कदाचित वेगळा येईल. मग विचारा, की आजीला घेऊन जायचे असेल तर यांतला कोणता निवडाल? हा प्रश्न संगणकाला विचारण्याआधी मुलांनी स्वतःला विचारायला हवा.