कितवा महिना?

गेल्या पावसाळ्यात पालघर भागातील एका महाविद्यालयात मी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना दलित कविता शिकवीत होते. कवितेत खडी फोडणारी आई होती. तिच्या पाठीला झोळीत एक पोर आणि शेजारी धुळीत बसलेले दुसरे. कवी तिचा मुलगा. आईच्या घामातून उद्याची पहाट उगवेल असे तो सांगत होता. अशा कविता आपल्याकडे पुष्कळ आहेत, म्हणून कवीचे नाव घेत नाही. मी "प्रतिमा", "वेदना", "विद्रोह" हे शब्द फळ्यावर लिहिले. तेवढ्यात मधल्या बाकावरून एका मुलीने विचारले, "मॅडम, या बाईला कितवा महिना चाललाय?"

वर्ग हसला. हसण्याचे एक कारण असे की मला स्वतःला तेव्हा पाचवा महिना होता आणि तो लपत नव्हता. मुलगी मात्र हसली नाही. ती म्हणाली, "कवितेत लिहिलेलं नाही. पण एक पाठीवर नि एक खाली म्हटल्यावर तिसरं पोटात असणारच की." नंतर कळले की तिच्या वहिनीला सातवा महिना आहे, आधीची दोन पोरे आहेत, वहिनी बोईसरला कंपनीत ठेकेदाराकडे जाते आणि म्हणून ही मुलगी आठवड्यातून दोनच दिवस वर्गात दिसते.

मी दलित साहित्याची अभ्यासक म्हणवते. इतक्या वर्षांत हा साधा प्रश्न मला सुचला नव्हता. तो का सुचला नाही, याचा विचार करण्यासाठी हा लेख आहे.

मराठी साहित्यातील आई बहुधा मुलाने सांगितलेली आहे. साने गुरुजींची 'श्यामची आई' 1935 साली आली. तीत आई बोलते, पण श्यामच्या आठवणीतून बोलते. दलित साहित्याने त्या घरातले सोवळे, तिथले संस्कार आणि तिथला देव नाकारला. सांगणाऱ्याची जागा मात्र पुष्कळदा तशीच राहिली. 'बलुतं' 1978 साली आले, 'उपरा' 1980 साली, 'अक्करमाशी' 1984 साली. या पुस्तकांनी मराठी वाचकाची झोप उडवली, हे मान्य करूनच मी पुढे बोलते. या पुस्तकांतील आई खरी आहे. तिचे कष्ट खरे आहेत. परंतु ती दिसते ती मुलाच्या उंचीवरून. मुलाला भूक लागली की ती दिसते, मुलाचा अपमान झाला की ती दिसते. पोटात तिसरे असताना दुसऱ्याला कडेवर घेऊन पहिल्याच्या मागे धावणारी बाई त्या उंचीवरून दिसत नाही. मुलाला फक्त एवढेच आठवते की आई चिडचिडी झाली होती आणि मग एक दिवस घरात पाठचे भावंड आले.

बाबुराव बागुल यांची 'आई' ही कथा याला अपवाद म्हणता येईल. आईला देव्हाऱ्यातून उतरवून बाई म्हणून पाहण्याचे धाडस त्यांनी केले. पण ती बाई एकटी पडलेली आहे आणि तिचा मुलगा शाळेत जाण्याइतका मोठा आहे. लहान पोरांच्या गराड्यातली गर्भार बाई तिथेही नाही.

माझा दिवस सांगते, कारण त्यावाचून मी काय म्हणते ते स्पष्ट होणार नाही. मला चार वर्षांची मुलगी आणि दीड वर्षाचा मुलगा आहे. तिसरे येत्या दोन महिन्यांत येईल. बोईसरच्या आमच्या खोलीत पहाटे पाणी येते. हंडे भरताना वाकू नये असे डॉक्टर सांगतात आणि धाकट्याला उचलू नये असेही सांगतात. हे धाकट्याला कोण सांगणार? तो हात वर करून उभा राहतो. वारा कारखान्यांकडून फिरला की पहाटेच्या हवेत एक उग्र दर्प येतो. पहिले तीन महिने त्या दर्पाने पोटात काही ठरत नसे. धाकटा तेव्हा अंगावर पीत होता. पाठचे राहिले म्हणून त्याचे दूध तोडायला हवे, असे सासूबाई म्हणाल्या आणि मी छातीला कडुलिंबाचा पाला वाटून लावला. त्याने तोंड लावले, थुंकले आणि माझ्याकडे असे पाहिले की मी फसवले आहे. तीन रात्री तो रडला. चौथ्या रात्री त्याने माझ्याकडे पाठ केली आणि तो बहिणीला चिकटून झोपला.

आपल्या कवितेत आईचे दूध शेकडो वेळा आले आहे. दुधाची शपथ आहे आणि दुधाचे ऋणही आहे. परंतु घरात दूध ही हिशेबाची गोष्ट असते. एकाचे तुटते तेव्हा दुसऱ्याची सोय होते. हा हिशेब बाई एकटी करते आणि त्याचा अपराध एकटी बाळगते. त्यावर एक कविता मला सापडली नाही. मी वाचले नसेल असे म्हणून स्वतःची समजूत घालता येईल. पण शिकवणाऱ्या बाईला शोधूनही सापडू नये, यातच काहीतरी आले.

मग बायकांनी काय लिहिले? बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' 1986 साली पुस्तकरूपाने आले. महारवाड्यातील कोवळ्या पोरींची बाळंतपणे, सुइणींचे अज्ञान, पुरेशा चिंध्याही नसलेली बाळंतीण आणि तिची भूक हे सारे मराठीत त्यांनी प्रथमच इतक्या उघडपणे मांडले. ती पाने वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले होते. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी. बेबीताई दहा मुलांची आई होत्या. फलटणच्या आपल्या छोट्या दुकानात बसून त्यांनी हे लिहिले आणि सुमारे वीस वर्षे नवऱ्यापासून लपवून ठेवले. त्या दहा खेपांचे स्वतःचे दिवस, म्हणजे एक पोर पायाशी, एक पोटात आणि समोर गिऱ्हाईक, हे पुस्तकात जवळजवळ नाही. आपल्याला स्वतःचे नव्हे तर समाजाचे दुःख लिहायचे होते, अशी त्यांची भूमिका होती. त्या भूमिकेचा मी आदर करते. पण समीक्षक म्हणून विचारते, की बाईचे नऊ महिने समाजाच्या दुःखातून कोणी वगळले? ते खाजगी आहेत हे तिला कोणी शिकवले?

उर्मिला पवार यांच्या 'आयदान'मध्ये (2003) ही भिंत बरीच ढासळली आहे. नोकरी, मुले, पुढचे शिक्षण, चळवळ आणि घरातून येणारा विरोध यांची वीण त्या मोकळेपणाने उलगडून दाखवतात. शांताबाई कांबळे यांच्या 'माज्या जल्माची चित्तरकथा' या आत्मकथनात शिक्षिका झालेली आई आहे. या लेखिकांमुळेच माझ्यासारखीला हा लेख लिहिता येतो. तरीही आपली समीक्षा या पुस्तकांकडे गेली ती जातीचे चटके मोजायला. बाईच्या दिवसाचे तास तिने मोजले नाहीत.

याचे कारण माझ्या मते "त्याग" या शब्दात आहे. रमाईंचे उदाहरण घ्या. बाबासाहेब 1920 साली पुन्हा लंडनला गेले आणि 1923 साली परतले. त्या काळात घर चालवणे आणि लेकरे सांभाळणे रमाईंवर होते. पाच अपत्यांपैकी चार त्यांनी गमावली. 1926 साली राजरत्न गेला. आपण त्यांना त्यागमूर्ती म्हणतो आणि हात जोडतो. हात जोडले की प्रश्न विचारता येत नाहीत. पोटात एक आणि मांडीवर तापाने फणफणलेले दुसरे असताना त्या काय खात होत्या, पाणी कोण आणत होते, रात्री कोण जागत होते, हे विचारणे म्हणजे अनादर नव्हे. त्यागाला मोबदला नसतो आणि कामाला असतो. म्हणून तर काम म्हणण्याऐवजी त्याग म्हणणे सर्वांना सोयीचे पडते.

खुद्द बाबासाहेबांनी हे काम म्हणूनच पाहिले होते. 1928 साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात प्रसूती लाभाच्या विधेयकावर बोलताना, बाळंतपणाआधी आणि नंतर स्त्रीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार सरकारने व मालकाने उचलला पाहिजे, अशी बाजू त्यांनी मांडली. 1929 साली मुंबई इलाख्यात तसा कायदा झाला. पुढे 1938 साली संततिनियमनाचा ठराव त्यांच्या पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी असेंब्लीत मांडला. बाळंतपणाच्या यातना कोण भोगते, हा प्रश्न त्या भाषणात टाळलेला नाही. ठराव फेटाळला गेला.

येथे माझी अडचण वाचकांपासून लपवत नाही. बाबासाहेबांचे नाव घेणारी मी, आणि मला तिसरे आहे. "मुलगी आहे, मुलगा आहे, मग आता कशाला?" असे स्टाफरूममध्येही विचारले गेले आहे. त्याचा जबाब मी या पानांवर देणार नाही. पण एवढे सांगते की जिला तिसरे आहे तिला पहिल्या खेपेपेक्षा जास्त हातांची गरज असते, आणि कायदा नेमका उलटा चालतो. 2017 च्या दुरुस्तीने प्रसूती रजा 26 आठवड्यांची झाली; मात्र दोन मुले हयात असलेल्या बाईला 12 आठवडेच. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ती रेघ तशीच ठेवली. माझ्या बाबतीत तर हा वादच उद्भवत नाही. मी तासिका तत्त्वावर शिकवते. तास घेतला तर मानधन, नाही घेतला तर नाही. त्या मुलीच्या वहिनीचे नाव ठेकेदाराच्या हजेरीवर सलग राहीलच याची खात्री नाही. पोट दिसू लागले की उद्यापासून येऊ नको म्हणतात, हे आमच्या चाळीत सर्वांना ठाऊक आहे. म्हणून ती सैल गाऊनवर ओढणी घेऊन जाते.

मग हे काम शेवटी कोणाच्या अंगावर पडते? याचे उत्तर आमच्याच जिल्ह्यात फार पूर्वी सापडले होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि 1957 साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीत येत नाहीत म्हणून बालवाडी त्यांच्या अंगणात गेली आणि अंगणवाडी झाली. शाळेत येणाऱ्या मोठ्या मुलींच्या कडेवर धाकटी भावंडे असत. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली गेली. धाकट्याला ठेवायला जागा मिळाली तरच थोरलीच्या हातात पाटी येते, हे त्या दोघींनी ओळखले होते. आज कारखान्यांच्या या पट्ट्यात थोरली कॉलेजपर्यंत पोहोचली आहे, पण कडेवरचे पोर अजून उतरलेले नाही. कधी ते भावंड असते, कधी भावाचे मूल.

मीही थोरलीच. माझ्या आईला चौथ्या खेपेचे दिवस होते तेव्हा मी दुसरीत होते. ती भातलावणीला जायची आणि धाकटा माझ्याकडे असायचा. आजी गावाहून आमच्याकडे राहायला आली नसती तर माझी शाळा तिथेच सुटली असती. घराण्यातली पहिली पदवीधर म्हणून माझा सत्कार झाला तेव्हा हार मला घातला गेला. आजी मागे धाकट्याला धरून बसली होती. आज माझी चार वर्षांची मुलगी भावाची लंगोट न सांगता आणून देते आणि लोक कौतुक करतात. मला ते कौतुक ऐकवत नाही.

तेव्हा आपल्या समीक्षेकडे माझी मागणी लहान आहे. आईची कविता किंवा आत्मकथनातील आई समोर आली की प्रतिमेकडे वळण्याआधी काही गोष्टी विचाराव्यात. तिला कितवा महिना आहे? कडेवरचे पोर आत्ता कोणाकडे आहे? ज्या मुलीकडे आहे ती शाळेत गेली का? घरात शेवटी कोण जेवले? भूक, वेठ आणि अपमान यांना दलित समीक्षेने साहित्याच्या कसोट्या केले, तेव्हा प्रस्थापितांनी नाक मुरडले होते. हे प्रश्न विचारल्यावर आपल्यातलेच काही नाक मुरडतील. ही बायकी गाऱ्हाणी आहेत, यात विद्रोह कोठे, असे म्हणतील. त्यांना मी त्या मुलीच्या बाकावर बसायला सांगेन.

वर्गात मी नंतर सर्वांना सांगितले की आपल्या घरातल्या बाईचा एक दिवस लिहून आणा. ती मुलगी दहा दिवसांनी दीड पान घेऊन आली. वहिनीचा दिवस पहाटेपासून दुपारपर्यंत आला होता. कंपनीतून आल्यावर वहिनी आधी कोणाला जवळ घेते, इथे वाक्य अर्धेच थांबले होते. मी वर पाहिले तेव्हा ती म्हणाली, "पुढचं राहिलं मॅडम. पोर उठलं."

मी तिला पूर्ण करून आण असे सांगितले नाही. ते पान या लेखासोबत संपादकांकडे पाठवीत आहे. छापायचे झाल्यास ते अर्धे आहे तसेच छापावे.