‘कॅनॉल’ चुकीचा कसा?

इंदापूर तालुक्यात शेळगावच्या आसपासचे मूल ‘कॅनॉलला पाणी सुटलंय’ म्हणते, तेव्हा वर्गात त्याला दोन बाजूंनी अडवले जाते. मराठीचे शिक्षक सांगतात, ‘कालवा’ म्हण. इंग्रजीचे शिक्षक सांगतात, उच्चार ‘कनॅल’ आहे. आम्हाला या दोन्ही दुरुस्त्या घाईच्या वाटतात.

आधी उच्चार पाहू. इंग्रजीत या शब्दातला जोर दुसऱ्या अक्षरावर पडतो. त्यामुळे पहिले अक्षर पुसट होते आणि ‘नॅ’ ठसठशीत ऐकू येतो. मराठीत असा जोर देण्याची रीत नाही. आपण दोन्ही अक्षरे भरघोस उच्चारतो. गंमत अशी की, ‘ॲ’ आणि ‘ऑ’ हे स्वर मराठीने मुख्यतः इंग्रजी शब्दांसाठी स्वीकारले, आणि ‘कॅनॉल’मध्ये ते दोन्ही हजर आहेत. मूळ शब्दात मात्र ‘ऑ’ नाहीच, आणि ‘ॲ’ आहे तो दुसऱ्या जागी! तेव्हा ही इंग्रजीची फसलेली नक्कल नव्हे, मराठीत घडलेला शब्द आहे. ‘कॅनाल’, ‘कनाल’ ही त्याचीच भावंडे.

‘कालवा’ तेवढा अस्सल, हेही तपासून घ्यावे. कन्नडमध्ये ‘कालुवे’, तेलुगूत ‘कालुव’, तमिळमध्ये ‘काल्वाय’ आहे. म्हणजे आपल्या ‘कालव्या’चे गोत दक्षिणेकडचे. ‘कॅनॉल’ आणखी दुरून आला. लॅटिनमध्ये ‘कॅनालिस’ म्हणजे नळी, पन्हळ. त्यामागे ‘कॅन्ना’, म्हणजे बोरूसारखे पोकळ गवत. उसाचे इंग्रजी नाव ‘केन’ हेही त्यातूनच निघाले. कॅनॉल आणि त्याच्या कडेचा ऊस असे एका मुळाचे निघतात. टीव्हीचे ‘चॅनेल’ही त्याच कुळातले.

अर्थाकडे तर कोणी पाहतच नाही. १८७६-७८च्या दुष्काळानंतर, एकोणिसावे शतक संपण्याआधी, नीरेचा डावा कालवा वाहू लागला. तेव्हापासून या भागात कॅनॉल म्हणजे सरकारचा, मोठा. त्याला फुटतो तो फाटा, फाट्यावरून चारी, आणि रानात पाणी खेळते ते पाटाने. आपल्या पाटाला कोणी कॅनॉल म्हणत नाही. पाण्याची ही उतरंड पाठ्यपुस्तकातल्या एकट्या ‘कालवा’ शब्दात मावत नाही. मुलांना मात्र ती तोंडपाठ असते.

सरकारी कागदावर ‘कालवा’ असतो, तो मुलांना ठाऊक हवाच. इंग्रजीच्या तासाला ‘कनॅल’ जरूर म्हणून घ्यावे. पण ते मूल मराठीत बोलत होते. ‘कॅनॉलच्या कडंला’ याला इंग्रजी शब्दकोशातला उच्चार कुठून लावणार?