छावणीबाहेरचा माणूस : न्याय, दया आणि एक पाठभेद

जुना करार न्यायाचा, नवा करार दयेचा, अशी विभागणी बायबलविषयक मराठी विवेचनात सहज केली जाते. ती संहितेला धरून नाही. 'लेवीय' ग्रंथाच्या 19व्या अध्यायात न्यायदानात बलवंताची भीड धरण्यास मनाई आहे. गरिबाची बाजू केवळ तो गरीब म्हणून घेण्यासही आहे. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा येते तीही याच अध्यायात. उलट, मत्तयाच्या 7व्या अध्यायातील दोष न काढण्याचा उपदेश सर्व प्रकारचा निवाडाच नाकारतो असे समजले जाते; परंतु खोटे संदेष्टे ओळखण्याची जबाबदारी तेथेच पुढे श्रोत्यांवर टाकलेली आहे. तेव्हा पाहावयाचे ते निवाडा करणारा कोठे उभा आहे हे.

परतवाड्यात हा प्रश्न केवळ संहितेपुरता राहत नाही. एलिचपूरजवळची लष्करी छावणी म्हणून वाढलेल्या या गावालगत कोठारा येथे लेप्रसी मिशनचे, कुष्ठसेवेतून उभे राहिलेले रुग्णालय आहे. छावणी आणि कुष्ठरोगी यांची गाठ लेवीयाच्या 13व्या अध्यायातही पडते (योगायोगच, पण बोलका). तेथे याजक त्वचेवरील डाग पाहतो, सात दिवस थांबतो, पुन्हा पाहतो, मग शुद्ध वा अशुद्ध ठरवतो. या प्रक्रियेत घाई नाही. मात्र अशुद्ध ठरलेल्याने छावणीबाहेर एकटे राहावे, ही तिची अखेर आहे. मूळ हिब्रू संज्ञा 'त्साराअत' ही कापडावरील आणि घराच्या भिंतीवरील डागांनाही लागू होते. म्हणजे ती आजच्या कुष्ठरोगाचे नाव नव्हे. अनुवादपरंपरेने ते समीकरण केले आणि याजकाचा विधिविषयक निर्णय एका रोगाच्या माथी कायमचा बसला.

मार्ककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातील कुष्ठरोग्याचा प्रसंग या पार्श्वभूमीवर वाचावा लागतो. रोगी गुडघे टेकतो तेव्हा येशूला कळवळा आला, असे बहुसंख्य हस्तलिखिते सांगतात आणि मराठी अनुवाद त्यांनाच अनुसरतात. बेझा हस्तलिखितात मात्र तो संतापला, असा पाठ आहे. कळवळ्याच्या जागी संताप घालण्याचे लेखनिकाला कारण नव्हते, संताप मवाळ करण्याचे होते. म्हणून कठीण पाठच मूळचा, असा युक्तिवाद संहितासमीक्षक करतात. तो निर्णायक नसला तरी अर्थदृष्ट्या फलदायी आहे. कळवळा एकटा वाचला की प्रसंग दानाचा होतो; त्यामागे संताप जाणवला की तोच स्पर्श बहिष्काराविरुद्धचा निवाडा ठरतो. येशू याजकाचा अधिकार मोडीत काढत नाही, बऱ्या झालेल्या माणसाला त्याच्याकडेच पाठवतो. परंतु स्पर्श आधी होतो, तपासणी नंतर. शेवटी तर जागांचीच अदलाबदल होते : रोगी गावात बोलत फिरतो आणि येशूला गावाबाहेर, ओसाड जागी राहावे लागते. मार्क यावर एक शब्दही भाष्य करत नाही.

मराठी 'दया' हा शब्द ही अदलाबदल पेलत नाही. दयेत देणारा वर आणि घेणारा खाली असतो. मीखाच्या 6व्या अध्यायात 'मिश्पाट', म्हणजे न्याय, आणि 'हेसेद' एकाच वाक्यात येतात. त्यातील 'हेसेद'मध्ये कराराने बांधलेल्यांची निष्ठा अभिप्रेत आहे. ती उपकाराच्या खात्यावर मांडता येत नाही. बाबा आमटे यांचा भिक्षेला असलेला विरोध, वेगळ्या श्रद्धाभूमीवरून का होईना, या अर्थाच्या अधिक जवळ जातो.

निराधार कुष्ठरोग्यांना अलग ठेवण्याची तरतूद असलेला 1898चा कायदा 2016 मध्ये रद्द झाला. ख्रिस्ती विवाहांना लागू असलेल्या 1869च्या घटस्फोट कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून दाखल झाले ते मात्र 2001च्या दुरुस्तीने. रोगावर बहुविध औषधोपचार उपलब्ध होऊन तेव्हा जवळपास 20 वर्षे लोटली होती. ते वगळले गेले 2019 मध्ये.